उजव्या हाताचं नेलपॉलिश

स्किपच्या केबिनचं दार उघडलं आणि मार्कस बाहेर आला. नुसता अंगठ्याने छताकडे इशारा केला. तेवढं पुरेसं होतं. लॉकर रूममधले सगळे उठले. कुणी त्याच्या डोक्यावर पाण्याची बाटली ओतली, कुणी लॉकरच्या दारावर ताल धरला. स्किप म्हणजे आमचा टीम मॅनेजर. तो दारात उभा राहून हसत होता. त्या सीझनमध्ये त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

छताकडे, म्हणजे वर. वर म्हणजे मेजर लीग, जिथे बेसबॉल खेळणाऱ्या प्रत्येकाला पोचायचं असतं. आमची टीम तिच्या बरोबर एक पायरी खाली. वाचायला एक पायरी. ती चढण्यात माणसाची उमेदीची वर्षं जातात आणि बहुतेकांची ती तिथेच संपतात. मार्कस तिशी ओलांडलेला होता. इतकी वर्षं बसने फिरून, छोट्या गावांच्या मोटेलमध्ये राहून, आता त्याला बोलावणं आलं होतं. वरच्या टीमच्या कॅचरचा गुडघा गेला होता. मार्कसला दुपारचं फ्लाइट पकडायचं होतं. दुसऱ्या दिवशी मॅच.

मी या टीमची फिजिओ. नागपूरला फिजिओथेरपी केली, अमेरिकेच्या थंड उत्तरेत, ॲन आर्बरला मास्टर्स केलं आणि आता तिथल्याच दक्षिणेतल्या एका गरम, दमट शहरात नोकरी करते. शहराचं आणि क्लबचं नाव सांगत नाही. मार्कसचं खरं नावही हे नाही.

बेसबॉलमधला कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर समजा, पण जास्त मार खाणारा. फलंदाजाच्या मागे उकिडवा बसायचं, पिचरने, म्हणजे तिथल्या बॉलरने, टाकलेला प्रत्येक बॉल झेलायचा आणि परत फेकायचा. पूर्ण मॅचभर. गुडघे, कंबर, बोटं, सगळ्याची वाट लागते. म्हणून कॅचरने बॅटिंगही जोरात करावी अशी फारशी कुणाची अपेक्षा नसते. मार्कस अपवाद होता. तो पॉवर हिटर. बॉल नीट बॅटवर आला की सरळ प्रेक्षकांत, म्हणजे होम रन, आपला सिक्सर. आमच्या स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये लोक उजवीकडे गाड्या लावायचे. डावीकडे मार्कसचे बॉल पडायचे.

अभिनंदन करायला मी हात पुढे केला. त्याने तो हातात घेतला आणि मी दचकले.

ऑगस्टची दुपार होती. तो नुकताच प्रॅक्टिस करून आला होता, मानेवरून घाम गळत होता. आणि हात गार. ॲन आर्बरला जानेवारीत बसची वाट बघताना माझी बोटं व्हायची तसा.

"बर्फ लावत होतास का?" मी विचारलं.

"नाही. का?"

"हात गार आहे तुझा."

"हां, तो असतोच. मे महिन्यापासून." हवापाण्याबद्दल बोलावं तसं तो बोलला.

डावा हात असता तर मी एवढी घाबरले नसते. कॅचरचा डावा हात ग्लव्हमध्ये असतो. सगळे फटके त्यावर बसतात. बोटं सुजतात, बधिर होतात, ते आम्ही रोज बघतो. पण हा उजवा होता. फेकायचा हात. त्यावर मार बसतच नाही.

मी त्याला ट्रेनिंग रूममध्ये आणलं. ट्रेनिंग रूम म्हणजे खेळाडूंना तपासायची, पट्ट्या बांधायची खोली. त्याच्या उजव्या हाताच्या नखांना पिवळं धमक नेलपॉलिश होतं. त्यात विशेष काही नाही. पूर्वी कॅचर बोटांनी खुणा करून पिचरला सांगायचा, की आता कुठला बॉल टाक. लांबून बोटं दिसावीत म्हणून नखं रंगवायची पद्धत पडली. आता ते काम बटणाच्या एका यंत्राने होतं. पण मार्कसच्या मुलीला बाबाची नखं रंगवायला आवडायचं, म्हणून त्याने ते चालू ठेवलं होतं. दर रविवारी नवीन कोट.

"हे काढते," मी म्हटलं.

"एला रडेल."

"परत लावेल ती."

रिसेप्शनवरच्या मुलीकडून रिमूव्हर आणलं. कापसाने पहिलं नख पुसलं, आणि माझा हात थांबला. तर्जनीचं नख खालून निळसर होतं. त्यात बारीक काळ्या रेघा, लाकडाची कुसळं रुतल्यासारख्या. बोटाच्या टोकावर एक काळपट, कडक ठिपका.

"हे केव्हापासून?"

"ते कॅलस आहे. बॅटमुळे."

कॅलस म्हणजे घट्टा. तो घट्टा नव्हता. मी मनगटावर नाडी बघितली. लागत होती, पण डाव्या हाताच्या मानाने फारच बारीक. मग त्याला बॉल फेकायच्या पवित्र्यात हात वर घ्यायला सांगितला. त्याने घेतला. माझ्या बोटांखालची नाडी गेली. हात खाली, नाडी आली. हात वर, गेली.

तोपर्यंत असं मी फक्त पुस्तकात वाचलं होतं.

माझा बॉस रॉन, टीमचा हेड ट्रेनर, दारातून डोकावला. "गाडी बाहेर उभी आहे. काय चाललंय?"

मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. या हाताला रक्त पोचत नाहीये, कुठेतरी रक्ताची गाठ अडकली असावी, आत्ता हॉस्पिटलला न्यायला हवं.

रॉन म्हणाला, "आज? तुला कळतंय ना आज काय आहे?"

"कळतंय."

"कॅचरची बोटं अशीच असतात. मी तीस वर्षं बघतोय."

"डाव्या हाताची. हा उजवा बघ."

तो आत गेला. त्याने मार्कसचं बोट धरलं, नखावर दाब देऊन सोडलं. दाबलेलं नख पांढरं पडतं आणि सोडल्यावर लगेच गुलाबी व्हायला हवं. आम्ही तिघंही बघत होतो. ते गुलाबी होईचना. रॉनच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र उतरला.

"ओके," तो म्हणाला. "मी वरती फोन करतो."

मार्कस टेबलवरून उतरला. "कुणीही कुणाला फोन करायचा नाही. मला काहीही दुखत नाहीये. काल मी होम रन मारला, याच हाताने. उद्याची मॅच खेळतो, मग तुम्ही म्हणाल तिथे येतो."

"उद्यापर्यंत बोट राहील की नाही, सांगता येत नाही," मी म्हटलं.

तो माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. हळू आवाजात म्हणाला, "व्ही, मी दुसरीत असल्यापासून या फोनची वाट बघतोय." वैशाली म्हणणं जमत नाही म्हणून तिथे सगळे मला व्ही म्हणतात.

"एक स्कॅन," मी म्हटलं. "काही नसेल तर मी स्वतः तुला एअरपोर्टवर सोडते. संध्याकाळी अजून एक फ्लाइट आहे."

तो गाडीत बसला. माझ्या बोलण्यामुळे नाही. रॉनने त्याची बॅग उचलून माझ्या गाडीच्या डिकीत ठेवली म्हणून.

वाटेत मी मेश्राम सरांना फोन लावला. ते तिथल्याच हॉस्पिटलमधले रक्तवाहिन्यांचे सर्जन, मूळचे नागपूरचेच. आंबेडकर जयंतीच्या एका कार्यक्रमात आमची ओळख झाली होती. स्पीकरवर मी मराठीतच बोलत होते. मार्कस खिडकीबाहेर बघत होता.

"सर, हात वर केला की पल्स जाते."

"वय?"

"एकतीस. बेसबॉलचा कॅचर आहे."

सर म्हणाले, "वैशाली, कुठेही थांबू नको. रजिस्ट्रेशन वगैरे मी बघतो. सरळ वर आण. आणि त्याला म्हणावं, हात वर करू नकोस. केस मागे सारायलासुद्धा नको."

"तो काय म्हणाला?" मार्कसने विचारलं.

"हात मांडीवर ठेव म्हणाले."

सरांनी सोनोग्राफी स्वतः केली. बोटांपासून सुरुवात करून वर वर गेले. मनगट, कोपर, दंड. खांद्याजवळ, काखेच्या मागच्या बाजूला थांबले. स्क्रीनवर रक्तवाहिनीची एक शाखा फुग्यासारखी फुगलेली दिसत होती, आणि फुग्याच्या आत काहीतरी लोंबत होतं. प्रत्येक ठोक्याला डुलत होतं.

"हे हलतंय ते काय आहे?" मार्कसने विचारलं.

सर इंग्रजीत, अगदी सावकाश बोलले. "ती रक्ताची गाठ आहे. तू बॉल फेकतोस तेव्हा खांद्याचं हाड ही रक्तवाहिनी ताणतं. वर्षानुवर्षं ताणली गेली, ती फुगली. आत गाठी धरल्या. त्यांचे तुकडे सुटतात आणि बोटांत जाऊन अडकतात. आतापर्यंत बारीक तुकडे गेलेत. हा मोठा आहे. हा गेला तर बोट नाही, हात जाईल."

"हे तर पिचरला होतं ना," मी म्हणाले.

"पिचरने टाकलेला प्रत्येक बॉल परत कोण फेकतं?" सरांनी विचारलं.

आमच्याकडे पिचरने किती बॉल टाकले याचा हिशेब ठेवायला वेगळा माणूस असतो. ठरलेला आकडा आला की त्याला बसवतात. कॅचरचे थ्रो कुणी मोजत नाही. इतकी वर्षं मैदानाच्या कडेला उभी राहूनही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि माझ्या माहितीतल्या कुणाच्याही आलं नव्हतं.

मार्कस स्क्रीनकडेच बघत होता. "समजा मी उद्या फक्त बॅटिंग केली तर?"

"आज तू पेनही उचलायचं नाहीस," सर म्हणाले.

त्याने डाव्या हाताने फोन काढून बायकोला लावला. बातमी कळताच जेना मुलीला घेऊन दुसऱ्या दिवशीची मॅच बघायला कारने निघाली होती. अर्ध्या रस्त्यात होती. मागून एलाच्या गाण्याचा आवाज येत होता.

"जेन," तो म्हणाला, "गाडी वळव."

तिला वाटलं तो थट्टा करतोय. ती हसली. मग हसणं थांबलं. त्याने फोन माझ्या हातात दिला.

त्याला आत नेत होते तेव्हाच रॉनचा मेसेज आला. आमच्या दुसऱ्या कॅचरला वर पाठवलं होतं. संध्याकाळच्या फ्लाइटने. मार्कसला टेबलवर घेण्याआधीच त्याची जागा भरली होती. या धंद्यात असंच असतं हे मला माहीत होतं. तरीही मी तो मेसेज दोनदा वाचला आणि हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये खाली बसले.

डॉक्टरांनी आधी नळी घालून औषधाने गाठी विरघळवल्या, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून ती फुगलेली शाखा बंद केली. हात वाचला. तर्जनीचं टोक वाचलं नाही. नखाच्या मध्यापासून पुढचा भाग नंतर काढावा लागला.

सगळं झाल्यावर मार्कस माझ्याशी बोलेनासा झाला. व्यायाम करायला यायचा, सांगेन ते निमूट करायचा, जायचा. एकदा जेना त्याला न्यायला आली होती. मी तिला विचारलं, "माझ्यावर राग आहे का त्याचा?"

ती म्हणाली, "त्याला तुझे आभार मानायचेत आणि त्याला ते जमत नाहीये. तू त्या दिवशी सुट्टीवर असतीस तर तो खेळला असता, हेच तो रोज बोलतो. आणि मग हाताकडे बघतो."

फेब्रुवारीत सीझनआधीचा कॅम्प लागला. मार्कसची बॅटिंग होती तशी होती. बॅट धरायला तर्जनीचं टोक फारसं लागत नाही. बॉल फेकायला लागतं. शेवटच्या क्षणी बॉल त्याच बोटावरून सुटतो. त्याचे थ्रो सेकंड बेसपर्यंत, म्हणजे कॅचरला सगळ्यात लांबच्या ठिकाणापर्यंत पोचायचे, पण कुठे जाणार ते त्यालाही सांगता यायचं नाही. कॅम्प संपायच्या आत क्लबने त्याला सोडलं. मी त्याच्या खांद्याला स्ट्रेच देत होते आणि रॉन त्याला बोलवायला आला. मार्कस उठला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि गेला. परत आला तो फक्त बूट न्यायला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"थँक यू म्हणाले."

मला वाटलं, इथे हे संपलं. ते संपलं नाही. बेसबॉलमध्ये एक जागा अशी असते, की त्या खेळाडूने फिल्डिंग करायचीच नाही, फक्त बॅटिंग करायची. मार्कस मेक्सिकोत जाऊन त्या जागेवर एक उन्हाळा खेळला आणि तिथल्या पिचर्सना त्याने झोडपून काढलं. पुढच्या वर्षी एका दुसऱ्या क्लबने त्याला घेतलं, आणि सप्टेंबरमध्ये, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, वर बोलावलं.

पहिल्या मॅचला मी टीव्हीसमोर बसले. तो तीन वेळा बॅटिंगला आला आणि तिन्ही वेळा बॉलला बॅट न लागताच बाद झाला. बेसबॉलमध्ये तीन बॉल हुकले की फलंदाज बाद. माझ्या नवऱ्याने टीव्ही बंद करू का विचारलं. नको म्हटलं.

तो जेमतेम तीन आठवडे वर होता. त्यात त्याने दोन होम रन मारले. मग त्याला खाली पाठवलं, आणि त्याने खेळणं सोडलं. कॅचर म्हणून मेजर लीगमध्ये तो एक बॉलही झेलू शकला नाही. आता तो ओक्लाहोमात एका शाळेच्या टीमला शिकवतो. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. त्याच्या टीममधल्या एका मुलाची बोटं सरावात बधिर होत होती, काय करू म्हणून विचारत होता. मी सांगितलं. त्याने दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके, आणि फोन ठेवला. आभार त्याही दिवशी राहिलेच.

नवीन फिजिओंना शिकवताना मी ही केस सांगते. दुखणं लपवणारा खेळाडू आम्हाला ओळखता येतो. तो लंगडतो, चिडतो, नजर चुकवतो. पण ज्याला ते दुखणंच वाटत नाही, त्याला विचारून काहीही कळत नाही. तो खरंच सांगतो, की मी ठीक आहे. म्हणून विचारायचं नाही. तपासायचं.