दाताचा नखभर थर

दातांच्या दवाखान्यात किस्से का साचतात, ते सांगते. एकदा तोंड उघडलं की पेशंटला बोलता येत नाही. म्हणून उघडायच्या आधी माणूस जे काही पोटात असेल ते सगळं बोलून घेतो! डॉक्टर मॅडम हातमोजे चढवत असतात, मी ट्रे लावत असते, आणि ऐकायला मीच. अमरावतीच्या या दवाखान्यात मी अकरा वर्षं मॅडमची असिस्टंट आहे. निम्मं शहर माझ्यासमोर आ करून गेलंय.

त्यातही व्हेनियरवाल्यांचे किस्से वेगळेच. व्हेनियर म्हणजे पुढच्या दातांवर चिकटवायचं पोर्सिलेनचं पातळ कवच. दात एकदम सिनेमातल्यासारखे! पण ते बसवायला आधी खरा दात नखाच्या जाडीएवढा घासावा लागतो. आणि तो घासलेला थर पुन्हा कधीच येत नाही.

हे मला जरा जास्तच माहीत आहे, कारण माझेच दात व्हेनियर लागणारे आहेत. माझं माहेर बाळापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. लहानपणापासून बोअरचं खारट, फ्लोराईडवालं पाणी प्यायलो आणि दात आले तेच तपकिरी डाग घेऊन. मॅडम अकरा वर्षं म्हणतात, "सुनंदा, बस एकदा खुर्चीत." आणि मी अकरा वर्षं उभीच आहे. भीती वाटते, दुसरं काही नाही. तोवर तोंडावर मास्क. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या ग्रुप फोटोत मात्र मास्क चालत नाही, म्हणून मी मागच्या रांगेत, तोंड मिटून.

*

वलगावचे एक भाऊ आले होते. गावात कुठेही साप निघाला की लोक यांनाच बोलावतात. मुलाचं लग्न जमलं होतं, फोटोत दात चांगले दिसावेत एवढीच इच्छा. खुर्चीत बसल्या बसल्या सांगायला लागले, "मॅडम, मी नाग हातानं धरतो. मले भेव माहीतच नाही."

मॅडमनी आरसा दिला आणि कुठून किती घासणार ते दाखवलं.

भाऊंचा आवाज जरा बारीक झाला. "मंग हे घासलेलं परत कधी येईन?"

"येणार नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

भाऊ खुर्चीतून उठले, चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, "सापाले बी कात परत येते, मॅडम!"

पुढच्या आठवड्यात येऊन फक्त दात साफ करून गेले. लग्नातले फोटो आणून दाखवले, छान आले होते.

*

मॅडमची एक पद्धत आहे. घासण्याआधी त्या पेशंटला ट्रायल देतात. दाताला हात न लावता वरून तात्पुरते दात चढवायचे आणि सांगायचं, "घरी जा, हसा, बोला, लोकांना दाखवा. पटलं तर पुढचं." नाही पटलं तर ते वरचे दात तसेच निघतात.

मोर्शीचे एक संत्रावाले काका ट्रायल लावून मोठ्या खुशीत गेले. जाताना रस्त्यावरच्या गाडीच्या काचेत दोनदा हसून पाहिलं. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर बसलेले!

"काढा हे. आत्ताच्या आत्ता काढा."

"काहून काका? दुखते काय?" मी विचारलं.

"दुखत नाही वं. काल घरी गेलो, दारातूनच मायकडं पाहून हसलो. माय बिचारी आत गेली आनं तिनं मले पाहुण्याच्या कपात चहा देल्ला!"

मॅडम हसल्या. मी पण हसले. पण आपलीच माय आपल्याला पाहुणा समजते म्हणजे काय! त्या दिवशी घरी गेल्यावर मी माझा रोजचा स्टीलचा पेला शोधून काढला आणि त्यातच चहा प्यायले.

*

एक वकीलसाहेब होते, चोवीस तास गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. मॅडमनी स्पष्ट विचारलं, "व्हेनियरनंतर खर्रा सोडाल का?"

"मॅडम, मी दात बदलून राहिलो, तोंड नाही!"

मॅडमनी फाईल मिटली आणि म्हणाल्या, "मग आधी तोंड बदलून या." ते अजून आलेले नाहीत.

*

सगळेच किस्से हसण्याचे नसतात. एक ताई दुसरीकडून घाईघाईत आठ दात घासून, व्हेनियर बसवून आल्या होत्या. ना ट्रायल, ना विचारपूस. दिसायला दात मोत्यासारखे, पण मॅडमनी हवा मारून पाहिली तर त्या खुर्चीत ताठ झाल्या. म्हणाल्या, "उन्हाळ्यात माठातलं पाणी पेल्यात ओतून ठेवते, कोमट झालं की पिते." आपल्या अमरावतीच्या उन्हाळ्यात, कोमट पाणी!

सक्शनचा पाईप माझ्या हातात असतो. दात घासताना उडणारी पांढरी भुकटी पाण्यासकट मीच ओढून घेते. तो पाईप धरला की मला दर वेळी त्या ताईंचा पेला आठवतो.

*

खरं सांगायचं तर ट्रायल पटल्यावर मी स्वतः दोनदा खुर्चीत बसले आहे बरं का! पहिल्यांदा हत्यारं उकळायच्या मशीनची शिट्टी झाली आणि मी कर्तव्य म्हणून उठले. दुसऱ्यांदा मॅडमनी घासायचं मशीन हातात घेतलं आणि लाईट गेली. वीज गेली म्हणून खूश झालेली अख्ख्या अमरावतीत मी एकटीच असेन!

"इन्व्हर्टर आहे, बस," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, पेशंट आलं वाटते," म्हणत मी बाहेर पळाले. बाहेर कोणीच नव्हतं.

*

आणि ही प्रणाली. बाळापूरकडचीच, चोवीस-पंचवीसची, नुकतीच शाळेवर मास्तरीण म्हणून लागलेली. दात हुबेहूब माझ्यासारखे. वर्गात तोंडावर हात धरून शिकवायची. एक दिवस तिनं पाहिलं तर पहिलीची सगळी पोरं तोंडावर हात धरून कविता म्हणतायत! त्याच आठवड्यात ती आमच्याकडे आली.

मॅडमनी आधी घासावं लागू नये म्हणून पॉलिश करून पाहिलं, ब्लिचिंग करून पाहिलं. डाग फिके झाले, गेले नाहीत. मग ट्रायल दिली. चार दिवस लावून राहिली आणि म्हणाली, "पटलं. करून टाका."

ठरलेल्या दिवशी खुर्चीत बसली. मी तिच्या गळ्यात ॲप्रन अडकवला. मॅडमनी इंजेक्शन भरलं आणि पोरीनं माझं मनगट गच्च धरलं.

"ताई, तुमी रोज पायता. खरं सांगा. तुमचे दात असे असते, तर तुमी बसल्या असत्या काय?"

मॅडम माझ्याकडे पाहू लागल्या. 'हो' म्हणणं सोपं होतं. मास्कच्या आत काय आहे ते तिला कुठे दिसत होतं! पण ते मनगट काही सुटेना. मी दुसऱ्या हातानं मास्क खाली केला.

ती पाहतच राहिली.

"कोन्या गावचं पानी?"

"तुह्या बाजूच्याच."

"मंग अजून काहून नाही केलं?"

"मले भेव वाटते वं."

मला वाटलं, संपलं. आता ही उठणार आणि वलगावच्या भाऊंसारखी चपला घालणार. ती उठलीच. गळ्यातला ॲप्रन काढला आणि माझ्या गळ्यात अडकवला.

"मॅडम, पैले ताईले बसवा. पाईप मी धरीन."

 मॅडमनी हातमोजे बदलले आणि खुर्चीचं कव्हर पण.