कढई धक्क्यावर राहिली

श्रीनिवासराव लाडसावंगीकरांनी सव्वीस वर्षे यात्रा नेल्या. औरंगपुऱ्यातल्या एका लहानशा खोलीतून त्यांनी माणसे काशीला नेली, रामेश्वरला नेली, बद्रीनारायणाच्या थंडीत नेली. आणि जितकी नेली, तितकी हात धरून घरी परत आणली. त्यांचे नेम दोनच. निघण्याचा दिवस पंचांग पाहून ठरायचा. आणि बसमध्ये सगळ्या सामानाच्या आधी शेंद्र्याच्या कडुबा आचाऱ्याची कढई चढायची. आधी कढईला हळदकुंकू, मग नारळ, मगच चाक हलायचे. परमुलखात आपल्या माणसाच्या ताटात आपल्या चवीचे वरण पडावे, ही त्यांची सेवा आणि हीच त्यांची पूजा.

मग ती मालिका आली. ‘सात दिवस सागरी’ तिचे नाव. सायंकाळी देवापुढे दिवा लागला, की थोड्याच वेळात घरोघरच्या पडद्यावर पांढऱ्याशुभ्र जहाजाचे दिवे लागत. रुसलेली जोडपी जहाजावर चढत आणि हसत उतरत. वर्ष सरले नाही तोच यात्रेची चौकशी करायला आलेली माणसे विचारू लागली, “काका, जहाज नेता का हो?” बजाजनगरचे निवृत्त कामगार विचारीत, वैजापूरचे कांद्याचे व्यापारी विचारीत.

सर्वांच्या आधी विचारले ते प्रमोदिनीबाईंनी. सत्तरीच्या निवृत्त शिक्षिका, पंधरा यात्रांच्या सोबती. “श्रीनिवासराव, गंगेत पाय बुडवून झाले. आता ज्याला पलीकडचा काठ नाही, असं पाणी बघू द्या एकदा.”

श्रीनिवासरावांनी जहाजावर कधी पाऊल ठेवले नव्हते. ते वही घेऊन, विद्यार्थ्यासारखे, मालिकेसमोर बसले. त्रेचाळिसाव्या भागात एक आजी घरून आणलेल्या पितळी डब्यातला लाडू कप्तानाला भरवते. त्यांनी वहीत लिहिले, ‘घरचे अन्न चालते’, आणि खाली रेघ मारली.

तारीख जहाजवाल्यांनी दिली. पंचांगाला कोणी विचारलेच नाही. चाळीस माणसांची नावे गेली आणि मग एका सकाळी पंचांग उघडले, तर सफरीच्या दुसऱ्याच दिवशी एकादशी! प्रमोदिनीबाईंची एकादशी चाळीस वर्षांत मोडलेली नव्हती. पण आता मधुमेहाची गोळी सुरू झाली होती. गोळी घेऊन पोट रिकामे राहिले, की त्यांना भोवळ येई; नुसत्या दूध-फळांनी भागत नसे. मागच्या वर्षी त्या देवघरातच कोसळल्या होत्या. श्रीनिवासरावांनी शब्द दिला, “ताई, निश्चिंत असा. कडुबा सोबत आहे. गरम भगर आणि दाण्याची आमटी वेळेवर मिळेल.”

आणि मुंबईच्या धक्क्यावर, दुपारच्या उन्हात, तपासणीच्या पट्ट्यापुढे कढई अडली. शेगडी अडली, सिलिंडर अडला, भगरीची पिशवी अडली.

“बाहेरचं अन्न जहाजावर नेता येत नाही, काका,” खिडकीतली मुलगी म्हणाली. “आत सगळं मिळतं. जैन जेवणसुद्धा आहे.”

“अगं बाळ, त्यात पोळी असते ना? एकादशीला काय?”

मुलीने पुढच्या माणसाचे तिकीट मागितले. मागे रांग वाढत होती. दार तासाभरात बंद होणार होते.

कडुबा कढईवर हात ठेवून उभा. “काका, म्या कढईसंगंच माघारी जातो. बिनभांड्याचा आचारी काय कामाचा?”

“तू येणार. तुझं तिकीट आहे,” श्रीनिवासराव म्हणाले. बसचालक भारतच्या स्वाधीन कढई करून ते प्रमोदिनीबाईंसमोर गेले. लपवणे त्यांना जमत नसे. त्यांनी सारे सांगितले.

“तुम्ही मालिका बघून ठरवलंत?”

“हो ताई. भाग त्रेचाळीस.”

“अहो, त्या जहाजावर कुणाला कधी भूक लागलेली पाहिलीत का?” त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. “मी परत फिरणार नाही. गोळी मी घेणार, एकादशी मी धरणार. मधलं तुम्ही बघा.”

जहाज सुटले. चाळीस माणसे कठड्याला धरून सूर्यास्त पाहत होती आणि त्यांना आणणारा माणूस मजले चढत होता, मजले उतरत होता, दारे शोधत होता. मालिकेने जहाजाचे सारे काही दाखवले होते; स्वयंपाकघराचे दार तेवढे कधी दाखवले नव्हते. शोधता शोधता त्यांचे रात्रीचे जेवणही राहून गेले.

सकाळी दार सापडले. आत जाण्याची कोणालाही मुभा नव्हती. मुख्य आचारी कारवारकडचा, धिप्पाड आणि शांत. भगर त्याच्याकडे नव्हती. बटाटे होते, दाणे होते, तूप होते. आठ वाजता प्रमोदिनीबाईंनी नेहमीप्रमाणे गोळी घेतली. श्रीनिवासरावांना ते कळले आणि ते कडुबाला घेऊन पुन्हा त्या दाराशी आले.

दाराच्या चौकटीत कडुबा उभा राहिला, एक पाऊलही आत न टाकता.

“तवा धुतलेला घ्या, साहेब. नाय, त्यो नगं, त्याला लसणाचा वास हाय! हळद टाकू नका. जिरं टाका... आता बटाटं. दाणं लई बारीक करू नका.”

“मामा,” तो आचारी म्हणाला, “माझी आईसुद्धा मला इतकं रागावत नव्हती.”

“आई जेवायला बसली हाय तिकडं. हात चालवा!”

पावणेनऊ झाले. खिडकीशी बसलेल्या प्रमोदिनीबाईंच्या कपाळावर घाम फुटला होता. चमचा धरलेला हात थरथरत होता. श्रीनिवासराव बशी घेऊन आले, अक्षरशः धावत आले. समोर काठ नसलेले पाणी उजळले होते. त्यांनी ते पाहिलेही नाही. ते केवळ तो हात पाहत होते. एक घास गेला. दुसरा गेला. तिसऱ्यानंतर थरथर थांबली.

“तुपातलं आहे,” बाई म्हणाल्या. “कडुबाचं?”

“कडुबाचंच. हात दुसऱ्याचा.”

त्यांनी बशी अर्धी सरकवली. “बसा. काल दुपारपासून तुम्ही काही खाल्लेलं नाही, कळतं मला. तुमचीही घडली एकादशी.”

श्रीनिवासराव बसले. पहिल्यांदाच त्यांची नजर खिडकीबाहेर गेली आणि कितीतरी वेळ तिथेच राहिली.

मग एकाएकी ते ताठ झाले.

“ताई, उद्याचं पारणं! सकाळी वरण-भात लागेल!”

“सावकाश, श्रीनिवासराव. अजून आजचा दिवस—”

पण ते उठले होते. बटाट्याचा घास हातातच होता आणि पावले त्या दाराकडे वळली होती.