पत्रिकेच्या कोपऱ्यावरचं कुंकू
ओल्या कुंकवाचा वास आला की मला आटपाडीतल्या माझ्या छापखान्यातली ती दुपार आठवते. पुण्यात छपाई शिकून नुकताच आलो होतो, कागद नुसत्या बोटांनी ओळखायचो आणि गिऱ्हाइकाला फारसं बोलू द्यायचो नाही. मेंढरं राखणारं एक जोडपं लेकीच्या लग्नाची पत्रिका छापायला आलं. मी चकचकीत आर्टपेपरचा नमुना पुढे ठेवला. यावर लेप असतो, शाई आत मुरत नाही, रंग खुलतो, असं ऐटीत सांगितलं. नवरा लगेच म्हणाला, "लय झ्याक हाय, ह्योच करा." बाईंनी मात्र बाजारातून घेतलेल्या पुडीतलं कुंकू पाण्यात कालवलं, नमुन्याच्या कोपऱ्याला बोट टेकवलं, चहा पिऊन होईपर्यंत वाळू दिलं आणि पदरानं पुसलं. सगळं कुंकू पदराला आलं. "आवं, पत्रिका रानोमाळ हातोहात जायाची. लेकीचं कुंकू वाटंतच पुसायचं व्हय?" मी बिनलेपाचा जाड कागद काढला, त्यात कुंकू असं मुरलं की पुसता पुसेना. आजही पत्रिकेचा कागद मी छातीठोकपणे सांगतो. फक्त त्याआधी खणातली कुंकवाची डबी काढतो.