मेणावरचं कुंकू

संबंध मराठवाड्यात धुळीशी एकट्याने लढणारा माणूस एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे हे यजमान. सासरी सगळे त्यांना दाजी म्हणतात म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते नांदेडला राहतात, मी लातूरला. मधे एसटीचा चार तासांचा रस्ता आहे ही मी पूर्वी देवाची कृपा समजत असे. पुढे फोन फुकटात पडू लागले आणि ती कृपा संपली. शाळेतून येऊन मी ताटावर बसलो की फोन वाजायचा. "गुर्जी, काय करायलाव?" मी म्हणायचो, जेवतोय. "जेवा, जेवा. मी काय म्हन्तो, औंदा झाडाचं मेण घ्यावं का सिरॅमिकचा फवारा?" हा प्रश्न मला सहा वर्षं विचारला गेला. माझ्याकडे मोटार नाही. एक स्कूटर आहे, ती गल्लीत उघड्यावर उभी असते आणि तिच्यावर मेण तर सोडाच, फडकंसुद्धा दिवाळीलाच फिरतं. पण दाजींना उत्तर नकोच असायचं. त्यांना ऐकणारा हवा असायचा, आणि साडूचा फोन मधेच कापायची सोय आपल्याकडे नाही.

दाजी जमीन मोजणी खात्यात भूकरमापक होते. कंधारपासून किनवटपर्यंत लोकांची शेतं मोजण्यात त्यांची उमर गेली. पायाखाली ढेकळं, डोक्यावर ऊन आणि बांधाच्या दोन्ही बाजूंनी शिव्या. इतकी वर्षं धूळ खाल्ली म्हणून असेल, पण निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडी घेतली ती जणू धुळीवर सूड उगवायलाच. त्यातही घेतली काळी. शोरूममधल्या माणसाने बिचाऱ्याने सांगून पाहिलं, काका, आपल्याकडे पांढरी बरी, धूळ दिसत नाही. दाजी म्हणाले, "दिसत न्हाई म्हंजे नसती का?" काळी गाडी घरी आली. तेव्हापासून ती जितकी चालली असेल त्याच्या दुप्पट दाजी तिच्याभोवती फडकं घेऊन चालले असतील.

गाडी पुसणं म्हणजे ओलं फडकं फिरवणं, असं तुम्हा-आम्हाला वाटतं. दाजींसमोर असं बोलू नये. आधी नुसतं पाणी, मग फेसाचा शाम्पू, मग एक मातीची मऊ वडी मिळते ती हलक्या हाताने घासून रंगात रुतलेले कण काढायचे, मग मेण, आणि ते सुकलं की मायक्रोफायबरचं कापड, तेही एकाच दिशेने. कापड गोल फिरवलं तर बारीक चरे पडतात आणि उन्हात कोळ्याचं जाळं दिसतं, असं ते म्हणतात. मला ते जाळं आजवर दिसलेलं नाही. दाजी मला भर दुपारी अंगणात उभं करतात, मान वाकडी करायला लावतात, आणि मान आखडली की मी 'दिसलं, दिसलं' म्हणून मोकळा होतो. मेण कोणतं, याचा निकाल लावण्यासाठी त्यांनी खात्यातली पद्धत वापरली. बॉनेटवर चिकटपट्टी लावून चार गट पाडले. गट नंबर एकला झाडाचं मेण, दोनला सीलंट नावाचं कारखान्यातलं मेण, तीनला सिरॅमिक, आणि चार नंबर पडीक, तुलनेसाठी. चतुःसीमेसह नकाशा काढून स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी टांगला. रोज सकाळी प्रत्येक गटावर चमचाभर पाणी टाकायचं आणि थेंब किती गोल उभा राहतो ते वाकून बघायचं. एका साळुंकीने नेमकी दोन आणि तीनच्या हद्दीवर घाण केली, तेव्हा दाजींनी रीतसर पंचनामा लिहिला आणि पंच म्हणून सही करायला शेजाऱ्यांना बोलावलं. शेजाऱ्यांनी सही केली. नांदेडची माणसं फार सोशिक आहेत. निकाल मात्र लागला नाही. झाडाचं मेण झळाळी देतं, पण आपल्या उन्हाळ्यात महिन्याभरात उडून जातं. सीलंट टिकतं, पण "चमक कशी सरकारी वाटती." सिरॅमिक चमकतंही आणि टिकतंही, पण खाली एखादा डाग राहिला तर तोही त्याच्याबरोबर टिकतो. एकदा वैतागून मी म्हणालो, "दाजी, खोबरेल लावा." त्यांनी दोन महिने फोन केला नाही. आयुष्यातले फार निवांत महिने होते ते. शेवटी बायकोने मला माफी मागायला लावली.

एकदा ते गाडी घेऊन लातूरला आले. लातूरच्या माणसाला पाण्याचं महत्त्व सांगावं लागत नाही; आम्ही रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेली माणसं. आजही नळाला पाणी यायचं असलं की गल्लीत कुणी गावाला जात नाही. दाजी उतरले, गाडीवरची धूळ पाहिली आणि चहाच्या आधी दोन बादल्या मागितल्या. एक साबणाच्या पाण्याची, एक कापड खंगाळायची. "एकाच बादलीत बुडवलं की तीच घाण परत गाडीला, गुर्जी." बायको माझ्याकडे बघत होती आणि मी गच्चीवरच्या टाकीकडे. दोनाच्या पाच बादल्या झाल्या. गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. एका म्हातारीने न राहवून विचारलं, "नवरदेवाची गाडी हाय का ओ?" दाजी म्हणाले, "न्हाई, घरचीच." पुढे चार दिवस आम्ही अर्ध्या बादलीत आंघोळी केल्या. बायकोने माहेरचा मामला म्हणून एक शब्द काढला नाही. मी काढले ते बाथरूमच्या भिंतीशी.

अशा माणसाबरोबर अक्कांनी संसार कसा केला, हे मला न सुटलेलं गणित आहे, आणि मी शाळेत गणितच शिकवतो. अक्कांचा हात म्हणजे कलाकाराचा हात. ठिपके न मांडता रांगोळी काढणार आणि दहा घरांतल्या बाया बघायला येणार. आम्ही दर दसऱ्याला त्यांच्याकडे सोनं द्यायला जातो, त्यामुळे गाडीचा पहिला दसरा मी डोळ्यांनी पाहिला. आदल्या दिवशी दाजींनी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मेण चढवलं होतं. दसऱ्याला अक्का ताट घेऊन आल्या, ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि बॉनेटच्या मधोमध वीतभर स्वस्तिक काढलं. दाजी आंघोळ करून बाहेर आले ते ओरडतच. "अगं, कालच मेण लावलो की त्याला!"

"हाव, म्हून तर," अक्का म्हणाल्या. "बरं केलाव. कुंकू कसं बसलंय बगा."

अक्कांच्या आईच्या पिढीतल्या बायका कपाळाला आधी मेण लावत आणि वर कुंकू, म्हणजे दिवसभर हलत नसे. नवरा काल दिवसभर राबला तो आपल्या स्वस्तिकासाठीच, अशी अक्कांची समजूत झाली होती आणि त्या मनातून सुखावल्या होत्या. पूजा होईपर्यंत दाजींनी कळ काढली. आम्ही आत पाटावर बसतो न बसतो तोच बाहेर पाण्याचा आवाज सुरू झाला.

पुढे दर दसऱ्याला हेच. अक्का काढायच्या, दाजी जेवणाआधी पुसायचे. कोरडं नाही, आधी पाणी सोडून, एका दिशेने. "कुंकू हाय ते. एक दिस तरी ऱ्हाऊ द्या," अक्का दारातून म्हणायच्या. "डाग पडतो गं," हे उत्तर. एका वर्षी त्या दिवाळीपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पण पुसण्याआधी दाजी तिथे क्षणभर थांबत, हे मी पाहिलं होतं. एकदा मला जवळ ओढून हळूच म्हणाले, "गुर्जी, चारी हात सारखे हायत. पट्टी न लावता! ही बाई खात्यात असती तर आमाला कुनी इचारलं नसतं." मी म्हणालो, हे अक्कांना सांगितलंत का? ते चमकून म्हणाले, "तिला कशाला?" या माणसापुढे मी कितीदा कपाळाला हात लावला याची गणती नाही, पण सगळ्यांत जास्त राग मला त्या दिवशी आला.

दोन वर्षांपूर्वी अक्कांच्या हातात कपबशी वाजू लागली. आधी आम्ही हसलो. मग डॉक्टरांनी कंपवात असल्याचं सांगितलं. गोळ्यांनी थोपवता येईल, जाणार नाही. रांगोळी बंद झाली. दाजींचे मेणाचे फोन चालूच होते, फक्त मधेच ते एकदम विचारायचे, "लातूरला ह्या हाताचं कुनी चांगलं बघतंय का ओ?" आणि मी उत्तर द्यायच्या आत परत सीलंटवर यायचे.

गेल्या दसऱ्याला अक्का ताट घेऊन आल्या तेव्हा माझी बायको म्हणाली, "अक्का, मी काढू का?"

"नको. माजी गाडी हाय."

त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि सुरुवात केली. आम्ही सगळे उगीच इकडेतिकडे बघत होतो. फार वेळ लागला. स्वस्तिकाचा एक हात आखूड राहिला, एक काचेकडे वाहत गेला, मधे कुंकवाचे ओघळ. अक्कांनी मागे सरून पाहिलं आणि म्हणाल्या, "बिघडलं. पुसून टाका." सहा वर्षांत हे त्या पहिल्यांदाच म्हणत होत्या. दाजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे." त्या दिवशी जेवताना बाहेर पाण्याचा आवाज आला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाजी लातूरला माझ्या दारात. एसटीने आले होते. गाडी का आणली नाही विचारलं, तर म्हणाले, वाऱ्याने कुंकू उडेल. मी म्हणालो, मग पुढचं झाकून आणायची की. "झाकली तर कापड घासंल ना." नांदेडातल्या दोन दुकानदारांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. लातूरला गाड्यांना कोटिंग करून देणारं एक मोठं दुकान आहे, तिथे आम्ही गेलो. मालक मध्यम वयाचे, अगदी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "कुंकवाचा डाग ना? काढून देतो की."

"काढायचा न्हाई," दाजी म्हणाले. "ठेवायचाय. कायमचा."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग त्यांनी शांतपणे समजावलं: ओलं काहीही मारलं की कुंकू वाहणार, न वाहता बसलं तरी कोटिंग खालच्या रंगाला धरणार नाही, आणि आपल्या उन्हात लाल रंग सगळ्यांत आधी जातो. फोटोवरून स्टिकर छापून देतो, हुबेहूब. दाजींनी मान हलवली. "नकाशाची झेरॉक्स काढली म्हंजे जमीन येती का ओ?" आयुष्यभर जो माणूस डाग न पडण्याचं औषध शोधत होता, तो डाग न जाण्याचं औषध मागत उभा होता, आणि ते या जगात कुठे तयार होत नव्हतं. शेवटी त्यांची दया येऊन मालकांनी एक धुक्यासारखा बारीक उडणारा फवारा दिला. लांबून मारा, म्हणाले, नशीब असेल तर चार-सहा महिने राहील. बाटली पिशवीत न ठेवता दाजींनी ती हातात धरली. त्यांना तसं एकटं पाठवणं मला जमेना, म्हणून मीही बसमध्ये चढलो.

ऊन कलताना आम्ही नांदेडला पोचलो. अक्का फाटकातच उभ्या होत्या, घामाघूम, पदर खोचलेला, आणि चेहरा इतका प्रसन्न की कित्येक महिन्यांत तसा पाहिला नव्हता. मागे गाडी उभी होती. बॉनेट आरशासारखं लखलखत होतं.

"डागाचं औषध आनाया गेलाव न्हवं लातूरला?" त्या म्हणाल्या. "म्हनलं, एवढ्यासाठी तुमाला हेलपाटा. मीच पुसले. सकाळपासून लागलेव. आधी पानी सोडले, मग तुमचं ते मऊ कापड, एकाच बाजूनं. हात धरून धरून केले. बगा, एक रेघ न्हाई ऱ्हायली."

मला वाटलं, आता तरी हा माणूस बोलेल. दाजी पुढे झाले. बॉनेटवर वाकले, मान वाकडी करून उन्हात पाहिलं, उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. बराच वेळ ते वाकूनच होते. मग तोंड तिकडेच ठेवून म्हणाले, "चांगलं पुसलीस. मला बी असं जमत न्हाई." अक्का लाजल्या. चहा टाकते म्हणून आत गेल्या. दाजींनी ती बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुमच्या स्कूटरला मारा." मला तिथे एकदम रडू आलं, आणि ते लपवायला मी उगीच चप्पल काढून झटकत बसलो.

त्यानंतर दाजींनी बॉनेटला हात लावलेला नाही. बाकीची गाडी रोज पुसतात. दारं, टप, मागची डिकी लखलखीत. बॉनेटवर मात्र धुळीचा थर चढलाय, त्यावर साळुंक्यांनी काय काय केलंय, आणि अख्खी गल्ली विचारते, काका, पुढचं राहिलं का? अक्कासुद्धा कुरकुरतात. दाजी सगळ्यांना एकच सांगतात, तिथे तिचा हात फिरलाय, त्यावर मी फिरवणार नाही. त्यांना हे कळत नाही असं नाही, की धूळच आता अक्कांचं ते पुसणं झाकून टाकतेय. अक्कांचा हात आता ताटही पेलत नाही. दसरा महिन्यावर आलाय.

हल्ली फोन मी करतो. दाजी 'हाव', 'बरं हाय' एवढंच बोलतात. मग मीच ताट बाजूला सारून विचारतो, "दाजी, सध्या मेण कोणतं चांगलं आहे हो?" पलीकडे ते आहेत, हे श्वासावरून कळतं. मी फोन धरून राहतो.