ओटीभर बियाणं

त्या दिवसाची स्टेशन डायरी मला आजही तोंडपाठ आहे. सत्तरच्या दशकात सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू भागात मी फौजदार होतो. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता आणि भुईमुगाचं बियाणं सोन्याच्या मोलाचं झालं होतं.

बियाण्याच्या शेंगा यंत्रात घालत नसत, कारण दाण्याचं साल निघालं की तो नीट उगवत नाही. बायका त्या हातानं फोडत. काम संपलं की मालकानं प्रत्येकीच्या ओटीत दाणे घालायचे, ही जुनी रीत. त्या वर्षी एका मोठ्या शेतकऱ्यानं ती मोडली. चारच दिवसांत पोत्यातलं दोन शेर बी चोरीला गेल्याची फिर्याद घेऊन तो ठाण्यात हजर झाला.

फिर्याद देताना तो म्हणाला, की शेंगा फोडून बायका गेल्यावर त्यानं मुंग्यांसाठी बियाला विषारी औषध चोळलं होतं. मी जमादाराला बजावलं, "औषधाचं कुठं बोलायचं नाही. ज्याच्या तोंडून ते निघेल, तो आपला चोर." तपासात एक गोष्ट नेहमी राखून ठेवावी, असं आम्हाला शिकवलेलं. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस पाटलानं खबर दिली. शेंगा फोडणारी एक विधवा आदल्या संध्याकाळी वाण्याकडून गूळ घेऊन गेली होती. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नऊ वाजता बाईला ठाण्यात आणलं. घरझडती पंच मिळाल्यावर दुपारी घ्यायची होती.

"आमी गरीब हाय सायेब, पन चोर न्हाई."

"मग गूळ कशाला नेलास?"

"लेकीला डोहाळं लागल्यात."

शेंगा फोडून तिच्या अंगठ्यांची सालं निघाली होती. मी तेच तेच प्रश्न फिरवून विचारत राहिलो. अशी माणसं दुपारपर्यंत मोडतात, हा माझा अनुभव होता. ती काही मोडेना.

साडेबाराला फिर्यादी जबाबावर सही करायला आला. बाईकडे न बघताच म्हणाला, "सायेब, बी घावलं तर गुरांपास्नं लांब ठेवा. औषध लय जालीम हाय."

बाई ताडकन उठली. "कसलं औषध? मी फोडलं तवा न्हवतं!" मग माझ्याकडे वळली. "सायेब, म्याच नेलं वो. ओटीचं म्हनून नेलं. दानं धुऊन लाडू करून ठिवल्यात लेकीला. सोडा मला!"

जीप काढून आम्ही पाच मिनिटांत पोचलो. लेक उंबऱ्यात पडली होती, तोंडाला फेस आला होता. शेजारीण रडत म्हणाली, "आई आली की दोघी मिळून खाऊ, म्हनत व्हती. वाट बघून बघून बारा वाजता एकलीच बसली खायाला."

सांगलीच्या वाटेवर, आईच्या मांडीवरच ती गेली. पोटातलं बाळही गेलं.

उरलेले लाडू मी पंचनाम्यात मुद्देमाल म्हणून लिहिले. पुढे वरिष्ठांनी कागदावर शेरा मारला, 'तपास समाधानकारक'.

जबाबावर अंगठा घेताना बाईनं मला एकच विचारलं. "सायेब, औषधाचं तुमाला सकाळीच ठावं व्हतं?"

मी 'होय' म्हणालो. खोटं बोलायची छाती झाली नाही. तिनं मान हलवली आणि सोललेला अंगठा शाईत बुडवला.

माणसाला विचारण्याआधी त्याला सांगण्यासारखं काही आपल्याकडे आहे का, ते बघावं, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे हाताखालच्या प्रत्येक पोराला तेच शिकवलं. पण डायरीतल्या दोन नोंदींमधलं अंतर त्यानं कमी होत नाही. बाईला ठाण्यात आणलं, नऊ वाजता. लेकीनं लाडू खाल्ला, बारा वाजता. मधले तीन तास मी तिच्यासमोर बसून होतो.