कव्हरवरचा डाग

ऑफिसातल्या नव्या मुलीनं विचारलं, "सर, जावास्क्रिप्ट शिकायला कुठलं पुस्तक घेऊ?" मी माझं जुनं पुस्तक काढलं. कव्हरवरचा तपकिरी डाग अजून तसाच आहे.

घरातला पहिला पदवीधर असूनही मी तेव्हा कारखान्यात प्रेस मशीनवर कामगार होतो. वेबसाइट बनवायला शिकलो तरच सुटका होती. पिंपरीतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात ही एकच प्रत दिसली आणि एक अनोळखी मुलगाही तीच ओढू लागला. मी त्याच्या तोंडावर बुक्की मारली. ओठ फाटून रक्त कव्हरवर सांडलं. त्याच्या शर्टालाही माझ्यासारखाच मशीनच्या तेलाचा वास होता.

"घे भावा," तो ओठ दाबत म्हणाला, "मलाबी मशीनवरनं सुटायचंच व्हतं."

दुकानदार आतून दुसरी प्रत घेऊन आला, तेव्हा तो निघून गेला होता.