कापडी हार

मी अमरावतीहून अकोल्याला रोज जाऊन-येऊन इंग्रजी शिकवतो, आणि खरं सांगायचं तर आता पार थकलो आहे. एसटीने दमवलं त्याहून जास्त फुलांनी. बाबांनी जन्मभर शेवंती पिकवली. आता गुडघे गेले, मळा बटईनं दुसऱ्याला कसायला दिला. पण आई गेल्यापासून तिच्या फोटोला रोज ताजा हार लागतो, आणि तो बाबा स्वतःच ओवतात. तयार हार आणला तर सोडून पुन्हा ओवतात, कारण दुसऱ्याच्या गाठी त्यांना पसंत नाहीत. म्हणून बस गाठायच्या आधी रोज सकाळी मी फूलबाजारात सुटी फुलं निवडत उभा. एवढं करून संध्याकाळी शेरा ठरलेला, "आजची फुलं कालची होती."

शेवटी परवा अकोल्याच्या बाजारातून कापडी हार उचलला. फुलं पिकवणाऱ्याच्या घरात कापडाची फुलं! एरवी लाज वाटली असती, त्या दिवशी तेवढंही त्राण नव्हतं. हार फोटोला घातला आणि भिंतीला पाठ टेकली.

बाबांनी हाराच्या रिकाम्या खोक्यावरच्या इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं. "हे काय लिवलं हाय?"

"इटर्नल. म्हणजे कायम टिकणारं."

"कपडा कायम टिकते?"

मास्तरकी काही अंगातून जात नाही. मी सांगत सुटलो, की हा शब्द मूळचा लॅटिन. त्याच्या मुळाशी 'कायमचं' नव्हतंच, वय होतं, माणसाचं आयुष्य होतं. आपल्या 'आयुष्य' शब्दाचंही मूळ तेच. लोकांना आयुष्य पुरेना, म्हणून ताणत ताणत त्यांनी ते अनंतापर्यंत नेलं.

"थांब," बाबा म्हणाले. "म्हंजे पयले ते जनमभरच होतं?"

"हो."

त्यांनी हारातलं एक कापडी फूल चिमटीत धरून पाहिलं. मग म्हणाले, "मंग माहा जनम सरला काय रे? तुह्या मायचा हार ओवाचं तेवढं एक काम उरलं मले. तेबी काहून काढून घेऊन राहिला?"

मला फक्त माझी सकाळ मोकळी करायची होती. त्यांच्या सकाळचा मी विचारच केला नव्हता. फार वाईट वाटलं.

"मी गेलो का मले हाच घालजो," ते म्हणाले. "धुता येते. तुले तरास नाही."